मोजा

तिचं नाव मोझा.
आमच्या तोंडी त्याचं मोजा झालं,
पायातला मोजा. पहिल्या आठवड्यात
हसलो होतो आम्ही दोघी, जुबेदा आणि मी.

सूरची खाडी, पलीकडे आयजाचा दीपस्तंभ,
बाहेर पंचेचाळीस, आत एसीची घरघर,
आणि मोझाच्या अंगात पूर्ण बाह्यांचा झगा,
मनगटापर्यंत बटणं लावलेला.
तो कोणी घातला, हे विचारायला मला
नऊ दिवस लागले.

दंडावर बाहेरून चार, आतून एक.

रजिस्टरात लिहिलंय: बाथरूममध्ये घसरली, दुपारी ३.१०.
तीन दहाला बाथरूमला कुलूप होतं,
नळवाला किल्ली खिशात घालून
जेवायला गेला होता.
आणि समजा, पडलीच,
तरी फरशीला अंगठा नसतो.

शिवणाच्या डब्यातली टेप आणली.
एक डाग वांग्याच्या रंगाचा,
एक जुन्या हळदीसारखा फिकट.
म्हणजे एकाच दिवसाचे नव्हेत.
झटका आल्यापासून मोझा बोलत नाही.
ट्रॉलीचं एक चाक कुरकुरतं,
ते कॉरिडॉरमध्ये ऐकू आलं की
ती डोळे गच्च मिटते.
तिचा पाण्याचा पेला टेबलाच्या त्या टोकाला,
हात पुरणार नाही इतका,
आणि रोज तिथंच. रोज भरलेला.

तिसरा डाग मधोमध तुटलेला होता.
तिथे अंगठी असणार.
ती अंगठी मी ओळखत होते.
दाभोळच्या सोनाराकडची, हिरव्या खड्याची.
तिनंच मला इथं आणलं,
एजंटाचे पैसे तिनंच भरले,
सलग सोळा तासांची ड्यूटी तिचीही.
मला तिचा राग येईना.
भीती त्याचीच वाटली.

मेट्रन म्हणाली, तरन्नुम,
तुझा व्हिसा फेब्रुवारीत संपतो ना?
एवढंच. मग चहा विचारला.
मी घेतला नाही, असं सांगायला आवडलं असतं.
घेतला. साखर जास्त होती.

मग खोलीत येऊन लिहायला बसले.
माझं इंग्रजी कच्चं,
म्हणून आकडे लिहिले.
दोन सेंटिमीटर. दीड. दोन. दीड. अंगठा तीन.
वजन: जूनमध्ये अठ्ठेचाळीस, आता एक्केचाळीस.
आकड्यांना व्याकरण लागत नाही.
एक प्रत रजिस्टरात,
एक मस्कतच्या ऑफिसला,
एक उशीखाली.

शुक्रवारी तिची मुलगी आली, शमसा,
हलव्याचा डबा घेऊन.
मी काही बोलले नाही.
फक्त बटणं सोडली, बाही वर केली.
शमसानं स्वतःचा हात त्या डागांवर ठेवून पाहिला,
बोटाला बोट लावून.
तिचा हात लहान पडला.
कितीतरी वेळ तिनं तो काढला नाही.

रात्री जुबेदानं विचारलं, तूच ना?
हो.
ती बॅग भरत राहिली.
पहाटे ती गेली तेव्हा मी झोपल्याचं सोंग घेतलं.
शेगडीवर माझ्या वाटणीची आमटी
झाकून ठेवली होती.

त्याच दिवशी हर्णैला फोन लावला.
आई, कॅमेरा नीट धर. बाही वर कर.
आता दुसरी.
काय येड लागलं काय तुला, म्हणाली ती,
पण केली.
मागे ती ठेवलेली बाई
भांडी घासायची थांबली होती.

चौकशी चालू आहे. फेब्रुवारी जवळ येतोय.
ट्रॉलीच्या चाकाला मी तेल घातलं
आणि चूक केली.
आता कोण येतंय ते मोझाला कळतच नाही,
जास्तच दचकते.
म्हणून दारातूनच आवाज देते:
उम्मी मोझा, मी तरन्नुम.
आणि आत पाऊल टाकण्याआधी
दोन्ही हात वर धरते, बोटं पसरून,
उजेडात, अंगठ्या नसलेले.

ती बघत राहते.
ओठ हलतात, आवाज नाही.
चार, एक.
चार, एक.
मग पेल्याकडे हात करते.