उजवी बाजू

शेजारचा भाविन पहाटे पाचपासून
अगाशीवर बोट ओलं करून उभा आहे,
वाऱ्याची वाट बघत.
मी खिडकीच्या फटीत
कालचा पेपर घडी करून खुपसतो.

पाचव्या नसेचं दुखणं, म्हणाले सयाजीतले डॉक्टर.
मला वाटायचं दुखण्याला जागा लागते,
गुडघा, कंबर, गेलाबाजार एखादी दाढ.
दाढ काढूनही पाहिली.
ती बिचारी चांगली होती.

एक ते दहात किती? त्यांनी विचारलं.
एकतीस वर्षं रावपुऱ्याच्या पोस्टात
मनीऑर्डरी मोजलेला माणूस मी.
म्हटलं, दोन सेकंद.
ते म्हणाले, आकडा सांगा.
म्हटलं, दोन सेकंद,
आणि मग पुढच्या दोन सेकंदांची वाट.

गोळी सकाळी एक, रात्री एक.
तिनं दुखणं झोपतं,
जाताना सोबत शब्दही नेतं.
काल ‘गाळणं’ आठवेना.
विनताला हातानं दाखवलं: गोल, भोकं, दांडा.
तिनं झारा दिला.
मी झाऱ्यानंच चहा गाळला,
चोथा दोघांनी वाटून घेतला.

दाढी फक्त डाव्या गालाची.
जशुभाई आता विचारतही नाही,
नाकापाशी वस्तरा थांबवतो
आणि टॉवेल झटकतो.
उजवीकडे पांढरं गवत.
विनताच्या मामेबहिणीला वाटतं, नवस असेल.
असू देतो.
नवस म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत.

उशी डावीकडे, घास डावीकडे,
हसू ओठांच्या आत.
जुई, सात वर्षांची नात,
पोळीतून धावत येते ती थेट डावीकडून.
तिला कोणी शिकवलं नाही.
एकदाच, पापा घेताना,
तिनं माझं तोंड पाहिलं होतं.

आणि आज संक्रांत.
आज सबंध बडोद्याला वारा हवा,
आणि माझ्याकडून गोड बोलणं.

दुपारी दोनला वारा पडला.
दांडिया बाजार ते वाडी,
अगाश्यांवरची गाणीसुद्धा हिरमुसली.
‘पवन नथी, पवन नथी,’
कोणी सूर्याला शिव्या घालत होतं.
मी माकडटोपी चढवली, वर मफलर,
आणि तीन वर्षांनी जिना चढलो.

‘आजोबा, फिरकी धरा.’

फिरकी धरणाऱ्याला बोलावं लागत नाही.
दांडा दोन्ही हातांत सैल धरायचा,
मागेल तेवढा दोरा द्यायचा.
पतंग कठड्यावरून उठायचा,
चार हात जायचा, परत बसायचा.
बरं चाललं होतं आमचं.

मग टाकीवरचं प्लास्टिक फडफडलं.
भाविन ओरडला, मग अख्खी पोळ.
तीन अगाश्या लांब असतानाच
मला तो येताना दिसला.
गालावर हात न्यायला वेळ होता.
पण दोरा जात होता, भराभर, सरसर,
आणि जुईची पाठ माझ्याकडे.

लागला.

दोन सेकंद.

फिरकी फिरतच होती,
म्हणजे मी सोडली नव्हती.

‘काप्यो छे!’ करत जुई वळली,
थांबली.
दोरा भाविनच्या पोराकडे दिला
आणि काही न बोलता
माझ्या उजवीकडे येऊन उभी राहिली,
वाऱ्याकडे तोंड करून.
माझ्या कमरेएवढी आहे ती.

संध्याकाळी तिळगूळ डाव्या गालात ठेवला.
चावला नाही.
विरघळायला बावीस मिनिटं लागली,
पोस्टाची सवय, घड्याळ बघतो.
तेवढ्यात आले त्यांच्यापुढे हात जोडले,
मान हलवली.
मामेबहीण जाताना विनताला म्हणाली,
भाऊजी किती शांत झालेत गं,
नवस फळला वाटतं.

रात्री फटीत आजचा पेपर.
कालचा वाऱ्यानं पाडला होता.