अकरा सेकंद

कीर्तिस्तंभाजवळच्या गाडीवर
सेव-उसळीत वरून तर्री ओतून घेत
खानविलकर रोज रात्री लढती लावतो.
"बासष्टचा लेस्ली घे,
नुकताच रेल्वेत चिकटलेला, नाक अजून सरळ,
आणि समोर उभा कर ऐंशीचा याकूब,
गुडघा गेलेला, डोकं मात्र बर्फ.
बोल शिर्के, कोण?"

मी म्हणतो, याकूब. तिसऱ्या फेरीत, गुणांवर.
"गुणांवर!" तो चमचा आपटतो,
"गुण देणारे तुझे मामा काय रे?"

नियम एकच, ज्याचं त्याचं वय आपण निवडायचं.
मेलेले चालतात.
आजारी चालत नाहीत.
परवा नारसिंग आला, एकोणसत्तरचा,
बायको जायच्या आधीचा,
त्यानं याकूबला प्रतापनगरच्या शेडमधून
पार अलकापुरीच्या गरनाळ्यापर्यंत मागे रेटलं.
हॉटेलवाल्या पोरालाही पटलं ते.

मी टाइमकीपर.
लोक ठोशाकडे बघायचे, मी काट्याकडे.
सत्तावीस वर्षांत एक लढत धड पाहिली नाही,
ऐकल्या फक्त.
लेस्लीचा डावा म्हणजे ओल्या गादीवर काठी.
याकूबचा उजवा आधी लागायचा,
आवाज मागाहून.

काल खानविलकर म्हणाला,
"आज लेस्ली विरुद्ध लेस्ली.
सतराचा आणि एक्केचाळीसचा."
आणि पैज न लावता
माझ्या तोंडाकडे बघत बसला.

सतराचा पोर मारतो बेफाम.
त्याच्या ओळखीचं अजून कुणी नसतं जगात.
एक्केचाळीसचा तो डावा ओळखतो,
कुठून सुटणार, खांदा किती उचलणार, सगळं पाठ.
फक्त त्याचा हात
उत्तर घेऊन पोचतो
आणंद पॅसेंजरसारखा.
एक लागला. दुसरा लागला.
भुवई फुटली, तीच, जुनीच,
आणि माझा हात बाकड्याखाली
नसलेल्या घंटेची दोरी चाचपू लागला.

"शिर्के," खानविलकर हळू म्हणाला,
"त्र्याऐंशीला, त्याच्या शेवटच्या लढतीत
घंटा लवकर झाली होती का रे?"

गाडीवाला स्टोव्ह विझवत होता.
मी म्हटलं, तूच होतास त्याच्या कोपऱ्यात,
टॉवेल खांद्यावर, घड्याळ हातात.

"होतं घड्याळ.
अकरा सेकंद," तो म्हणाला,
आणि उरलेला पाव मोडून
मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.