वानगी

हरिपूरचं पेव उघडायचं म्हणजे
आधी तोंडावरची माती काढायची,
मग थांबायचं, कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत.
म्हणून बाबगोंडा दुकानात वानगी ठेवायचे,
मूठभर हळद, बशीत.
सौदा बशीवरच व्हायचा.

त्यांच्या पेढीचा प्रोग्राम मी तसाच लिहिला.
डिस्क गरगरायची, सुई जागा शोधायची,
तेवढ्यात चहा व्हायचा.
म्हणून रोजची खाती वर, मेमरीच्या बशीत;
पावत्या शंभर साठल्या की एकदम खाली.
मधेच वीज गेली
की दिवाणजी माझ्या नावाने शंख करायचे.

परवा भूपालने नवी डिस्क बसवली.
बोटाएवढी पट्टी. आत काही फिरतच नाही.
बिल तरी रेंगाळतंय.
उघडून बघितलं, तर
उत्तर केव्हाच दारात उभं
आणि माझा कोड वानग्या चाळतोय,
रांग लावतोय,
हवा जायची वाट बघतोय.

रात्रभर मार्केट यार्डात बसून
बावीस वर्षांची काटकसर खोडली.
हात जड झाला, खोटं कशाला सांगू.

सकाळी बिल आलं,
कळीवरचं बोट उठायच्या आत.
दिवाणजी चष्मा पुसत म्हणाले,
"थांब गं जरा,
मला वाचू तर दे."