वळण

आज माझ्या टेबलावर वेदरली पार्क आहे,
अठ्ठावीस खोक्यांत. वर एक निळा नकाशा,
घडीवर फाटलेला.
सन एकोणीसशे अकरा. ओहायोत तेव्हा
गाव म्हणजे काटकोन.
जमीन चौकटीच्या वहीसारखी आखून टाकलेली.
मग लेमन ऑस्बर्न आला, आधी ट्रामची कंपनी घेतली,
मग ट्राम जिथे संपते तिथली शेतं,
आणि म्हणाला, इथे एकही रस्ता सरळ जाणार नाही.
सरळ रस्त्याने धूर येतो, दुकान येतं, कोणीही येतं.
वळणावर एक घर दिसतं, पुढचं लपतं,
आणि बायको नवऱ्याला म्हणते,
अजून थोडं पुढे जाऊन बघू.

मोजणीदार आयव्हर लुंडक्विस्ट
चार महिने चिखलातून साखळी ओढत हिंडला.
त्याची वही माझ्याकडे आहे. अक्षर वळणदार.
सव्विसाव्या पानावर एकच ओळ:
क्रॉसबाई नाशपतीची झाडं विकत नाहीत. रस्ता वाकवला.

जाहिरातीत छापलं,
निसर्गाच्या लयीत वाहणारी ऑर्चर्ड लेन.

खरेदीखत सगळ्यांना एकच, नावं तेवढी बदलायची.
घर रस्त्यापासून पस्तीस फूट आत.
छताचा रंग कंपनीला विचारून.
कोंबड्या पाळू नयेत.
वाळत घातलेले कपडे रस्त्यावरून दिसू नयेत.
आणि कलम नऊ, त्याच शाईत, तितक्याच शांतपणे,
कोंबड्यांच्याच सुरात:
गोऱ्या वंशाखेरीज कोणी इथे राहू नये,
घरकामाचे नोकर सोडून.

लव्हीनिया टिब्स त्या ‘सोडून’मध्ये बसायची.
सहा-दहाची ट्राम, तिच्यासारख्या अकरा जणी,
गुडघ्यांवर बोचकी.
तिला वेदरली पार्क मागच्या बाजूने पाठ होतं.
एकवीस नंबरला नीळ जास्त लागते.
तेरा नंबरचा मुलगा अजून गादी ओली करतो.
डॉक्टरांच्या कफांना शर्यतीच्या घोड्यांचा वास येतो.
चादरी ती परसात वाळवायची, कलमाप्रमाणे.

कलमाबाहेर एकच तुकडा होता.
ऑटिली क्रॉसने काहीच विकलं नव्हतं,
म्हणून तिने काही लिहूनही दिलं नव्हतं.
पाऊण एकर, एक विहीर, अकरा झाडं.
म्हातारपणी तिचे पाय सुजले, तेव्हा
पट्ट्या बांधायला लव्हीनिया जायची, ट्रामच्या आधी अर्धा तास.
दोघी काय बोलायच्या, कुठल्याच खोक्यात नाही.
एकोणीसशे अठ्ठावीसमध्ये म्हातारीने जागा तिच्या नावे केली.
किंमत एक डॉलर. साक्षीदार बर्फवाला.

त्यानंतरची पत्रं फार सभ्य आहेत.
कंपनीने दुप्पट देऊ केले, मग चौपट.
बागकाम मंडळाने चहाला बोलावलं,
मागच्या दाराने.
मग नगरपालिकेच्या लक्षात आलं
की ऑर्चर्ड लेनचं वळण धोक्याचं आहे.
वीस वर्षांत तिथे एक सायकल पडली होती,
आणि एकदा दूधवाल्याची घोडी बुजली होती.

एकतीस साली रस्ता सरळ केला,
विहिरीवरून, चुलीवरून.

आता ट्राम नाही. डांबर तापलं की रूळ डोकं काढतात.
रविवारी पर्यटक येतात, वळणांचे फोटो काढतात,
मधल्या त्या तीनशे फुटांवर येऊन विचारतात,
हा एवढाच भाग सरळ कसा?
पाटीवर लिहिलंय, वाहतुकीच्या सोयीसाठी.

मी नोंदणी कचेरीत आहे. माझं काम शिक्का मारायचं.
कलम नऊ, रद्द. कलम नऊ, रद्द.
खोडायची परवानगी नाही. मूळ मजकूर वाचता आला पाहिजे,
असा नियम आहे, आणि मला तो मान्य आहे.
दुपारपर्यंत एकशे चार झाले.

शेवटच्या खोक्यात मोबदल्याची पावती निघाली.
घर, मोजलं. विहीर, मोजली. रक्कम पोहोचली.
खाली माझ्या पणजीची सही,
शाळेत फार दिवस न गेलेल्या हाताची,
ओळ सोडून वर चढत गेलेली.
आणि समासात, पेन्सिलीने, जरा दाबून:
झाडं धरलेली नाहीत.