कावीळ

डंडीतल्या या वॉर्डाच्या खिडकीतून
टे नदी दिसते म्हणतात.
मला तीन दिवस फक्त पुठ्ठ्याचं भांडं दिसतंय,
राखाडी, उलट्या टोपीसारखं.

अकराव्या आठवड्यात सात किलो उतरले.
घरी कुकरची शिट्टी झाली तरी ढवळायचं,
म्हणून हृषीकेश भात शेजारच्या विद्यार्थ्याकडे लावतो,
तिथेच जेवतो, दात घासतो,
मग घरी येतो.

आल्याची बिस्किटं खाऊन बघ,
असं आत्तापर्यंत चौदा जणांनी सांगितलं.
चौदावा टॅक्सीवाला होता.

मोरॅग, निवृत्तीला सहा आठवडे उरलेली,
माझी शीर शोधता शोधता कागद पुढे करते:
संशोधन आहे, एक नळी रक्त, सक्ती नाही.
प्रश्न नऊ: आई, बहीण, मावशी, कुणाला असाच त्रास?
प्रश्न दहा: कुटुंबात कुणाला नैराश्य, चिंतारोग, आणखी काही?
पंगतीत शेजारी बसलेल्या
अनोळखी माणसांसारखे दोन प्रश्न.

दहाव्यावर मी ‘नाही’ केलं.
आमच्यात रक्तदाब असतो, साखर असते,
आणि एक कावीळ,
आईची, माझ्या जन्मानंतरची,
जिच्यासाठी तिला पाच महिने मिरजेला ठेवलं होतं.

रात्री तिचा फोन. तिकडे पहाटेचे साडेचार.
मी प्रश्न वाचून दाखवले.
बराच वेळ नुसता पंखा.
मग म्हणाली, “कावीळ नव्हती गं ती.

तुझ्या वेळी पाण्याचा घोट ठरत नव्हता.
डॉक्टर म्हणाले मनाचं आहे, सासूबाई म्हणाल्या नखरे.
डोहाळजेवणात झोपाळ्यावरून उठून मोरीत गेले,
पुढच्या एकाही फोटोत मी नाही.
तू झालीस, उलट्या थांबल्या.
तुला पाजायला आणायचे
आणि मी भिंतीकडे बघायचे.”
मग एकदम, जरा चिडून:
“तुझ्या कागदातही तेच म्हणतात का?
मनाचंच होतं म्हणून?”

मी सांगू लागले, मोरॅगकडून ऐकलेलं, अर्धवट:
एकाच सुतावर दोन्ही गाठी असतील, कदाचित.
एक दुसरीमुळे पडते असं नाही.
नक्की कळलेलं नाही, म्हणून तर रक्त हवंय.
आणि मन, आई, ते काही
शरीराबाहेर राहणारं भाडेकरू…
तेवढ्यात उमळून आलं.
भांडं तोंडाशी, फोन उशीवर तसाच चालू.
तिने ठेवला नाही. ऐकत राहिली.
बत्तीस वर्षांनी तिचाच आवाज
कुणीतरी काढत होतं.

सकाळी मोरॅग म्हणाली, खोडलंस तरी चालेल, बाजूला सही कर.
मी ‘नाही’ खोडलं.
‘कोण’ पुढे ‘आई’ लिहिलं, देवनागरीत, चुकून;
मग त्यांच्या लिपीत.
नळी भरली.

प्रश्न अकरा: निकाल तुम्हाला कळवावा का?
तो कोरा ठेवलाय.
जिभेवर बर्फाचा तुकडा ठेवून
भिंतीवरचं घड्याळ बघतेय.
नऊ मिनिटं झाली.
अजून आत आहे.