नाक आणि नाका

मलाबाच्या नाक्यावर मी नाकं तपासते.
हसू नका, तीन महिने झाले, हाच माझा हुद्दा.
लांब काडीला कापूस, दहा आकडे मोजत
आतल्या आत फिरवायचा,
समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आलं की समजायचं, पोचलो.
मोंबासाहून निघालेले ट्रक उभे आहेत
थेट बुंगोमाच्या पलीकडपर्यंत.
गहू, सिमेंट, खोबरेल,
आणि युगांडातल्या कुणाच्या तरी लग्नाचे सोफे.

सीमा बंद झाली त्या रात्री
रेडिओतल्या साहेबांचा आवाज कडक इस्त्रीचा होता.
आम्ही टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू,
मीही वाजवल्या.
दार लावलं की वारा अडतो
हे शेळ्यांनाही कळतं.

माणसांना बंद, मालाला चालू, असा हुकूम.
पण माल काही स्वतः गिअर टाकत नाही,
काझुंगू टाकतो.
त्याचा अहवाल यायला चार दिवस.
तोवर तो ट्रकच्या सावलीत
बाटल्यांच्या झाकणांचा पट मांडतो,
आणि सात जण एकाच पातेल्यातला चहा पितात,
कारण पातेलं एकच आहे.
पहिल्या आठवड्यात माझ्या वहीत एक लाल खूण.
तिसऱ्या आठवड्यात अकरा.
गाड्यांचे नंबर लावून पाहिले मी एका रात्री:
अकरांतले नऊ
रांगेत एकमेकांचे शेजारी.

बैल गेला आणि झोपा केला, म्हणावं
तर तेही खरं नाही.
बैल दारातच उभा होता,
अर्धा आत, अर्धा बाहेर,
आणि आम्ही दार लोटत होतो त्याच्या पाठीवर.

म्हातारे एकिसा विचारतात,
"मग काय, उघडंच ठेवायचं होतं?"
नाही, आजोबा.
दाराने वीस दिवस दिले. मी मोजलेत.
कणगीतल्या मक्यासारखे खरेखुरे दिवस.
त्या वीस दिवसांत हातमोजे यायचे होते.
आला एक सिलिंडर, रिकामा,
आणि एक पाटी: "सीमा बंद आहे",
तीन भाषांत,
आमची सोडून.

आमची भाषा नदीच्या दोन्ही काठांवर बोलतात.
या दिवसांत नदी घोट्याएवढी.
तिच्यातून पान्या जातात, उंदरांच्या वाटा,
पोलिसांना ठाऊक, पोलिसांच्या बायकांनाही,
त्यांचे टोमॅटो तिथूनच येतात.

पलीकडे अकितेंग मावशी वारली.
तापाने की वयाने, कोणी विचारलं नाही.
मी निळा गाऊन खिळ्याला टांगला,
चपला हातात घेतल्या,
आणि रात्री दोन वाजता
उंदीर झाले.

अंगणात ज्वारीच्या दारूचा माठ मांडलेला,
भोवती बसलेली माणसं, माठात लांब नळ्या.
एकच माठ, बारा तोंडं.
बाजारात कर्णा घेऊन ओरडले होते मी याच नळ्यांवर.
कोणी काही बोललं नाही.
मावशीच्या जागेपुढची नळी
माझ्याकडे वळवली फक्त.

प्यायले की नाही
ते इथे लिहीत नाही.

उजाडायच्या आत परतले. पाय ओले.
काझुंगू ट्रकखाली झोपला होता,
छातीवर झाकणांची पिशवी.
दुपारी त्याचा अहवाल आला: साफ.
चार दिवसांपूर्वीचा काझुंगू साफ होता.
आजचा खोकत होता.
मी शिक्का मारला नाही, पुन्हा काडी घातली.
त्याने मला एक शिवी दिली, किनाऱ्याकडची, गोड.

मग दुसरी काडी उघडली,
आरशाच्या तुकड्यासमोर उभी राहिले,
दहापर्यंत मोजलं.
डोळ्यांत पाणी आलं. पोचले.
बाटलीवर नाव लिहिलं: असेकेन्ये.
वय, लिंग, फोन.
शेवटचा रकाना: कुठून आलात?

पेन तिथेच थांबलं बराच वेळ.
मागे रांगेतून कोणीतरी हॉर्न दिला.
लिहिलं: घरून.