रामटेक, लास्ट स्टॉप

एकतीस वर्षं हे नाव ओरडलो.
कामठी, कन्हान, मनसर फाटा,
रामटेक, चला, रामटेक,
आणि डबल बेल मारून परत नागपूर.
स्टँडवरचा उकळून कडू झालेला चहा,
वे-बिलावर सही,
एवढंच माझं रामटेक.
वर गड दिसायचा, पांढरा,
डोंगरावर कोणी धोतर वाळत घातल्यासारखा.

आज सासष्टाव्या वर्षी
अर्धं तिकीट काढून उतरलो.
पाय सवयीनं कंट्रोलरच्या खिडकीकडे वळले.
त्यांना माघारी बोलावलं.

अंबाळ्याच्या काठी एक पोट्टं भेटलं, हेमराज उईके.
"गाईड पायजे का काका? दीडशे. वरपर्यंत पायऱ्या मोजून देतो."
घाटावर कोणाचं तरी मुंडण चाललेलं,
पाण्यात गुलाबी कळस उलटे,
एक म्हातारी त्यांच्यावरच लुगडं आपटत होती.
"हे कोणाच्या काळचं?" मी विचारलं.
"वाकाटकांचं," तो म्हणाला, अन् जरा थांबून,
"भोसल्यांचं बी हाये थोडं. हे सिमेंट नगरपरिषदेचं."

पायऱ्यांवर माकडानं माझी पिशवी तपासली,
चेकिंग स्क्वॉडच्या थाटात.
फुटाणे जप्त. पावती नाही.

नरसिंहाच्या देवळात
दगडावर अक्षरं कोरलेली.
हेमराजला वाचता येत नव्हती, मलाही नाही.
पण ओळी पाहिल्या अन् ओळखीचं काहीतरी वाटलं:
कोणीतरी दिवसभराचं सगळं
शेवटी एकाखाली एक मांडून ठेवलेलं,
जमा किती, बाकी किती,
पंधराशे वर्षं तपासायला कोणी आलं नाही तरी.

मग वराह.
अख्ख्या दगडाचा, शेंदरानं माखलेला,
पोटाखाली हातभर जागा.
"याच्याखालून निघा काका," हेमराज म्हणाला,
"पापी माणूस अडकते म्हणतात."
मागे नवं लग्न झालेलं जोडपं हसत उभं होतं.
मी चष्मा काढून त्याच्या हाती दिला.

गुडघे टेकले तेव्हा आठवली ती.
पानवाली. रिकामी टोपली घेऊन चढलेली, कामठीला,
लगेजचे दीड रुपये कमी पडले.
"घर रामटेकलाच हाये दादा, उतरली की आणून देते."
गाडी भरलेली, सगळे बघताहेत,
मी नवीन, गणवेशाची इस्त्री मोडलेली नव्हती अजून.
मनसर फाट्यावर बेल मारली.
ती काही बोलली नाही.
टोपली डोक्यावर उपडी घेतली,
संध्याकाळचे सात वाजलेले.
नियम होता. आजही तो नियम सांगू शकतो, कलमासकट.

पोटाखालचा दगड थंड होता.
खांदा घासला, शर्टाचं बटण अडलं,
मी थांबलो तिथंच,
म्हटलं, धर आता.
पण बटणच तुटलं,
अन् मी पलीकडे, उजेडात,
जोडपं टाळ्या वाजवतंय,
हेमराज चष्मा पुसून देतोय:
"सुटले काका!"

मला ते नीट वाटलं नाही.

उतरताना स्टँडजवळ कपुरी पानांचा एक गठ्ठा घेतला.
घरी पान खाणारं कोणी नाही.
विकणारी पोरगी तिशीचीही नसेल.
सुट्टे दीड रुपये
आता कोणाकडेच नसतात.

परतीच्या गाडीत मशीनवाला कंडक्टर,
एक बोट दाबलं की तिकीट बाहेर.
मनसर फाटा आला अन् मी उठलो.
"काका, तुमचं नागपूरचं आहे."
"माहीत आहे बावा."
त्यानं बेल मारली.

गाडी गेल्यावर धूळ बसायला वेळ लागला.
रामटेक सात किलोमीटर, पाटीवर लिहिलेलं.
हा टप्पा मला पैशांत पाठ होता,
प्रत्येक दरवाढीसकट.
पानांचा गठ्ठा काखेत मारला.
दूर गडावर दिवा लागलेला.
त्याच्याकडे तोंड करून
चालायला लागलो.